वाटपात मागे राहिलेल्या

ख्रिस्ती मंडळीत प्रेम किती, हे रविवारच्या गर्दीवरून कळत नाही. कुणाकडे लक्ष गेलं नाही याची दखल तिथे घेतात का, त्यावरून कळतं. ‘प्रेषितांची कृत्ये’च्या सहाव्या अध्यायात यरुशलेमच्या पहिल्या मंडळीतली तक्रार नोंदली आहे: ग्रीक बोलणाऱ्या विधवा रोजच्या अन्नवाटपात मागे राहत होत्या. प्रेषितांनी ती कुरकुर दाबली नाही. सात माणसं नेमली. त्या सातांची नावं ग्रीक आहेत, म्हणजे ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हाती बहुधा वाटप आलं. व्यवस्था लावली की माया आटते, असं काहींना वाटतं. मला तर दिसतं की व्यवस्थेवाचून माया ओळखीच्या घरांपुरती उरते.

अशी व्यवस्था लावलेली माया आपल्याजवळही दिसते: आपल्या मुळशीतल्या रिहे गावापासून पुण्याच्या पलीकडे, दौंड तालुक्यात केडगाव आहे. १८९६–९७च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातल्या उपाशी मुली-बायकांना आसरा दिला आणि तिथे ‘मुक्ती’ हे आश्रयस्थान उभं राहिलं. पोटासाठी आलेल्यांची ख्रिस्तावरची श्रद्धा खरी कशी, असं कुणी विचारेल. पण भुकेल्याकडे आधी श्रद्धेचा दाखला मागणं ख्रिस्ताच्या शिकवणीत बसत नाही. शिवाय या मुली-बायका नुसत्या घेणाऱ्या राहिल्या नाहीत, आणि मला हेच सर्वांत मोलाचं वाटतं. त्यांनी शेती केली, विणकाम केलं. अंध मुली ब्रेल शिकल्या. रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल मुक्तीच्या छापखान्यात याच बायकांच्या हातांनी छापलं गेलं.