निनावी चिठ्ठी

व्याख्यान संपल्यावर श्रोत्यांकडून प्रश्नांच्या चिठ्ठ्या मागविण्याची चाल आपल्याकडे जुनी आहे, आणि ती चांगलीही आहे. चारचौघांत उभे राहून प्रश्न विचारण्याचे धैर्य सर्वांच्या अंगी नसते. कित्येकांस प्रश्न सुचतो, पण ऐन वेळी वाणी साथ देत नाही. अशांना कागदाचा एक कपटा मोठा आधार देतो. चिठ्ठीवर सही असलीच पाहिजे असा दंडक सहसा नसतो, व तो असावा असे आम्हांसही कधी वाटले नव्हते. परंतु अशाच एका सही नसलेल्या कपट्याने आमच्यापुढे जो प्रश्न उभा केला, तो अद्याप आमचा पिच्छा सोडीत नाही. म्हणून तो वाचकांपुढे मांडण्याचे योजिले आहे.

हकीकत अशी. काही काळामागे एका तालुक्याच्या गावी वाचनालयाच्या व्याख्यानमालेत एके दिवशीचे अध्यक्षस्थान आमच्याकडे आले होते. विषय होता विधवांविषयीच्या रूढींचा. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 च्या मे महिन्यात, पतीच्या मृत्यूनंतर पत्नीचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे ह्या चाली बंद करण्याचा ठराव केला. त्यापाठोपाठ इतर ग्रामपंचायतींनीही हा कित्ता गिरवावा असे परिपत्रक राज्य सरकारने काढले. ठराव झाला, पण घराघरांत काय घडते, हा व्याख्यानाचा विषय होता. वक्त्या एका शाळेत शिक्षिका होत्या. त्या स्वतः विधवा. कपाळी कुंकू लावीत. बोलणे शांत, कोणावर आग पाखडणे नाही, केवळ पाहिलेले व सोसलेले सांगणे. व्याख्यान संपले आणि तबकात तेवीस चिठ्ठ्या जमा झाल्या.

त्या आधी वाचून पाहणे हे अध्यक्षाचे काम. आम्ही ते केले नाही. उशीर झाला होता, आणि खरे सांगावयाचे तर आळसही होता. आम्ही तो गठ्ठा तसाच बाईंच्या हाती दिला. त्या एकेक चिठ्ठी उलगडून वाचीत व उत्तर देत. मध्येच एक चिठ्ठी त्यांनी उलगडली, मनात वाचली, क्षणभर थांबल्या, पुन्हा तिची घडी केली व ती सर्वांत खाली ठेवून पुढची घेतली. आवाज बदलला नाही. सभेतील कोणाच्या काही लक्षात आले असेल असे वाटत नाही. सभा विसर्जित झाल्यावर त्यांनी ती घडी आमच्या हाती दिली आणि म्हणाल्या, “सर, ही तुमच्याकडे असू द्या.” तीत प्रश्न नव्हता. त्यांच्या कपाळावरील कुंकवाविषयी व त्यांच्या चारित्र्याविषयी दोन ओळी होत्या. त्या येथे देण्याजोग्या नाहीत. पुढील वर्षी मंडळींनी बाईंना पुन्हा बोलाविले. सवड नसल्याचे अत्यंत सौजन्यपूर्ण पत्र आले.

चिठ्ठीचा प्रकार आम्ही व्यवस्थापक मंडळींच्या कानी घातला, तेव्हा तीन मते पडली. एक वयोवृद्ध सभासद म्हणाले की, असल्या गोष्टींकडे दुर्लक्ष करावे. हत्ती चालतो तेव्हा कुत्री भुंकतातच. दुसरे एक तरुण गृहस्थ संतापून म्हणाले की, वाचनालयाच्या नोंदवहीतील सह्यांशी हे अक्षर ताडून पाहू व त्या माणसास उघडा पाडू. तिसऱ्यांनी सुचविले की, यापुढे नाव, गाव व सही असल्याखेरीज चिठ्ठी घेऊच नये. हा तंटा त्या एका वाचनालयापुरता नाही. मनुष्ये एकत्र जमून जेथे जेथे विचारविनिमय करितात तेथे तेथे तो उपस्थित होतो, आणि तेथेही ही तीनच मते ऐकू येतात.

दुर्लक्षाचा उपदेश शहाणपणाचा वाटतो खरा. परंतु तो करणारास त्याची काही किंमत द्यावी लागत नाही. ती चिठ्ठी त्या वृद्ध गृहस्थांना आली नव्हती, आम्हांसही आली नव्हती. ज्याचे जळते त्यालाच कळते. बाईंनी तर दुर्लक्षच केले. तथापि त्या पुन्हा आल्या नाहीत. म्हणजे हत्तीने दुसरी वाट धरली आणि गल्ली कुत्र्यांची झाली! दुर्लक्षाची परिणती बहुधा अशीच होते: सज्जन निघून जातात आणि सभा मात्र शांत राहिली म्हणून आपण समाधान मानतो. अक्षर ताडून पाहण्याची सूचना याहून घातक. गावातील निम्मी माणसे उरलेल्या निम्म्यांकडे संशयाने पाहू लागली असती. आणि आमचा तर्क चुकून एखाद्या निरपराध्याचे नाव पुढे आले असते, तर त्या चिठ्ठीने जे केले तेच आम्ही सहीनिशी केले असते.

राहिली सहीची सक्ती. हिच्यामागे एक जुना तात्त्विक सिद्धांत आहे. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’ ग्रंथाच्या दुसऱ्या भागात ग्लॉकन एका मेंढपाळाची कथा सांगतो. त्याला एक अंगठी सापडते. तिचा खडा तळहाताकडे वळविला की तो अदृश्य होई. ही युक्ती कळताच त्याने राणीस वश केले, राजास मारिले व राज्य बळकाविले. ग्लॉकनचे म्हणणे असे की, अशी अंगठी सज्जनास दिली काय किंवा दुर्जनास दिली काय, दोघेही सारखेच वागतील. मनुष्य न्यायाने वागतो तो केवळ लोकांचे डोळे आपल्यावर आहेत म्हणून. सॉक्रेटिसाने याचे उत्तर देण्यात उरलेला सर्व ग्रंथ खर्ची घातला आहे. आमच्याजवळ इतका मोठा युक्तिवाद नाही; परंतु तेवीस चिठ्ठ्या आहेत. त्या सायंकाळी अंगठी सर्वांच्याच बोटांत होती. तिचा दुरुपयोग एकाने केला, बावीसांनी केला नाही. त्या बावीसांतील एक चिठ्ठी आम्हांस विशेष आठवते. अक्षर कच्चे, ओळी वाकड्या. प्रश्न एवढाच की, सासूबाई स्वतःच मला कुंकू लाव म्हणतात, पण मी लावले तर लोक त्यांनाच बोलतील, तेव्हा मी काय करावे? सबंध सभेत इतका खरा प्रश्न दुसरा नव्हता, व बाईंनी सर्वांत अधिक वेळ त्यालाच दिला. सहीची सक्ती असती तर शिवी आली नसती हे खरे. पण हा प्रश्नही आला नसता.

आपल्या सामाजिक सुधारणेचा इतिहास तरी सहीच्या सक्तीने कितीसा पुढे गेला असता? गोपाळ हरि देशमुख ह्यांनी 1848 पासून ‘प्रभाकर’ पत्रात आपल्या समाजाच्या दोषांवर कोरडे ओढले ते ‘लोकहितवादी’ ह्या नावाने. 1885 मध्ये ‘टाइम्स ऑफ इंडिया’त बालविवाह व विधवांची स्थिती ह्यांवर जी पत्रे आली त्यांखाली केवळ ‘एक हिंदू स्त्री’ एवढीच सही होती. ती स्त्री म्हणजे रखमाबाई. लहानपणी लावलेल्या लग्नाच्या नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचे नाकारल्यामुळे त्या वेळी त्यांच्यावर न्यायालयात दावा चालू होता. संपादकाने नावाचा आग्रह धरिला असता तर ती पत्रे कदाचित पेटीतच राहिली असती. पुढे त्याच रखमाबाई विलायतेत वैद्यक शिकून डॉक्टर झाल्या व स्वतःच्या नावाने जगल्या.

तेव्हा नाव लपविणे हे स्वतः पाप नव्हे. नाव कोणापासून लपविले व कशासाठी लपविले, हे पाहिले पाहिजे. रखमाबाई रूढीच्या सामर्थ्यापासून लपल्या. त्या चिठ्ठीचा लेखक एका एकट्या स्त्रीपासून लपला. एकीने स्वतःच्या रक्षणासाठी आडोसा घेतला, दुसऱ्याने नेम धरण्यासाठी घेतला. शिवाय लोकहितवादींचा मारा समाजाच्या चालीरीतींवर होता. आणि एकच टोपणनाव सतत वापरणारास मागच्या पत्राची जबाबदारी पुढच्या पत्रात टाळता येत नाही. टोपणनाव हे एक नावच आहे. त्यालाही अब्रू असते. चिठ्ठीला ती नसते.

यावरून आमच्या मते एक मर्यादा आखता येते. निनावी प्रश्न चालावा, निनावी मतही चालावे, मग ते कितीही कडवट असो. कारण मताची परीक्षा मताच्याच गुणदोषांवर होते, त्यास नावाची जरूर नाही. परंतु व्यक्तीवरील आरोप निनावी चालू नये, कारण त्याची परीक्षा सांगणाऱ्यास उलट विचारल्यावाचून होत नाही. रोमचा बादशहा ट्रेजन ह्यास प्लिनी नावाच्या त्याच्या सुभेदाराने सुमारे 1900 वर्षांपूर्वी निनावी आरोपपत्राविषयी विचारिले, तेव्हा असल्या कागदास कोणत्याही खटल्यात थारा देऊ नये, तो अतिशय वाईट पायंडा होईल, असे त्याने कळविले. आणि निनावी शिवी व धमकी ही तर मतही नव्हेत, आरोपही नव्हेत. निनावी धमकीस 1860 च्या भारतीय दंड संहितेने अधिक शिक्षा सांगितली होती, व 2023 च्या न्याय संहितेनेही ते कलम कायम राखिले आहे. नाव लपविल्याने धमकीचा गुन्हा हलका न होता जड होतो, हे कायद्यासही उमगले आहे.

पण ही मर्यादा राखावयाची कोणी? येथे आमच्या मूळ प्रश्नाचे मर्म आहे. इंग्लंडात 1769 ते 1772 पर्यंत ‘ज्यूनियस’ ह्या नावाने एका वृत्तपत्रात मंत्र्यांवर व खुद्द राजावर जळजळीत पत्रे प्रसिद्ध झाली. त्यांचा लेखक कोण याविषयी पंडितांचे तर्क चालले, पण तो स्वतः कधी पुढे आला नाही. न्यायालयात उभा राहिला तो वुडफॉल हा मुद्रक. 1770 मध्ये राजास उद्देशून लिहिलेल्या पत्राबद्दल त्याच्यावर खटला झाला. त्यास अखेरीस शिक्षा झाली नाही ही गोष्ट वेगळी. परंतु लेखक अंधारात असेल तेव्हा जो त्याचे शब्द पुढे पोचवितो त्यानेच त्यांचा जबाब दिला पाहिजे, हे तत्त्व त्या खटल्यात दिसून येते. वुडफॉलने ती जोखीम समजून उमजून घेतली होती. आम्ही ती न समजता घेतली. त्या चिठ्ठीवर लिहिणाराची सही नव्हती. पण ज्या क्षणी आम्ही ती बाईंच्या हाती दिली, त्या क्षणी तीवर आमची सही झाली.

त्यानंतर अध्यक्षपद येते तेव्हा आम्ही सर्व चिठ्ठ्या आधी वाचतो. यात एक धोका आहे, तो लपविण्याचे कारण नाही: गैरसोयीचा प्रश्न ‘असभ्य’ म्हणून बाजूस सारण्याचा मोह अध्यक्षास होतो. म्हणून आम्ही स्वतःपुरता एक नियम केला आहे. जी चिठ्ठी आमच्यावर किंवा आमच्या मतावर असेल ती आधी वाचावयाची. वक्त्याच्या मतावर कठोर असेल तीही वाचावयाची. परंतु कोणाच्या देहावर, जातीवर, जन्मावर अथवा वैधव्यावर असेल ती पुढे जाऊ द्यावयाची नाही. आणि एखादी शिवी चुकून सभेत पोचलीच, तर अध्यक्षाने तेथेच उठून ती सभेची नव्हे असे सांगितले पाहिजे. जिला शब्द लागला तिला एकटीने घडी करून तो खाली ठेवण्याची पाळी येऊ नये.

ती चिठ्ठी लिहिणारा कोण, हे आम्ही शोधिले नाही. तो कोणी राक्षस असेल असे वाटत नाही. विद्यार्थिदशेत आम्हीही एका अडखळत बोलणाऱ्या गुरुजींवर चार ओळी फळ्यावर लिहून ठेविल्या होत्या, नावावाचून. गुरुजींनी त्या वाचल्या, एका ओळीत चुकलेली मात्रा खडूने दुरुस्त केली आणि धडा सुरू केला. वर्ग हसला, आम्हीही हसलो. गुरुजी आता नाहीत. लेखक आम्ही होतो हे त्यांना सांगावयाचे राहून गेले, आणि त्यांनी ते ओळखले होते की काय, हेही आता कळावयाचे नाही. निनावी लिहिणारास शासन होत नाही असे लोक म्हणतात. क्षमा मागण्याची वाट त्याने स्वतःच बंद केलेली असते, हे शासन लहान नव्हे.

बाईंना मात्र आम्ही पत्र लिहिले. वस्तुतः ते शब्द त्याच सभेत, सर्वांसमक्ष बोलावयाचे होते. उशिरा का होईना, चूक आमची होती असे लिहिले, आणि खाली आमचे पूर्ण नाव घातले.