प्लंबरला पाईप शिकवायचा?

फाईल कपाटावर कशाला टाकलीस? धूळ मोजायला? सोनोग्राफीत लिव्हर सिऱ्हॉसिस निघाला, प्लेटलेट ८० हजारांवर आल्या, डॉक्टरांनी एंडोस्कोपी लिहून दिली. सहा महिने झाले. आणि तू मला सांगतोस, "सर, ॲसिडिटी आहे."

टिटवाळ्यातल्या किती बिल्डिंगींच्या लाईनी तू टाकल्यास? मग सांग. पुढचा व्हॉल्व आवळला आणि मागून पंप चालूच ठेवला तर काय होतं? प्रेशर मागे चढतं. कच्चा जॉइंट फुगतो. तुझ्या पोटात तेच चाललंय. आतड्यांचं आणि प्लीहेचं रक्त एका मोठ्या शिरेतून लिव्हरमध्ये जातं. लिव्हर झालंय निबर. रक्ताला वाट मिळेना, म्हणून ते अन्ननलिकेच्या खालच्या टोकाच्या नाजूक शिरांत घुसतं. अर्धा इंची पाईपवर मेन लाईनचा दाब! त्या फुगतात, पातळ होतात. प्लीहाही तुंबून सुजते आणि प्लेटलेट अडकवून ठेवते. आकडा उगीच नाही उतरला.

दुखत नाही म्हणतोस. दुखणारच नाही, हीच तर गोम. भिंतीआड पाईप फुगल्याचा आवाज कधी ऐकलास?

दारूचं काय सांगू? श्रावण पाळतो म्हणे! आणि गटारीला महिन्याभराची वसुली आधीच करतोस. लिव्हर काय पंचांग बघतं? हिपॅटायटिस बी-सीने, साचलेल्या चरबीनेही लिव्हर असं होतं, दारूला न शिवणाऱ्यांचंसुद्धा. पण त्यांच्या आड तू लपू नकोस. वर कंबर दुखते म्हणून दुकानातून पेनकिलर आणतोस. तसल्या गोळ्यांनी रक्तस्राव होतो, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तू नंदीबैलासारखी मान डोलावलीस. मी शेजारीच बसलो होतो.

अंगारकीला महागणपतीच्या रांगेत तासन्‌तास उभा राहतोस. घशातून दुर्बीण उतरवायला दहा-पंधरा मिनिटं, त्याची भीती? शीर मोठी दिसली तर तिथेच रबरी बँड बसवतात, काही आठवड्यांनी पुन्हा बघतात. कुणाला दाब उतरवायला कार्व्हेडिलॉलसारखी गोळी चालते. शीर फुटली की मात्र रक्ताची उलटी. अशा शंभर जणांतले पंधरा-वीस दीड महिन्यात जातात, उपचार मिळूनही. रात्री शेवटची लोकल गेल्यावर तुला झाली तर कोण उचलणार? तुझी बायको?

तिनेच सांगितलं मला. शौचाला डांबरासारखं काळं होतंय, चिकट. तू म्हणे बीट खाल्लं होतंस. बिटाने लाल होतं रे, काळं नाही! वरचं रक्त पोटात मुरून खाली आलं की काळं होतं. गळती सुरू झालीय, मिस्त्री. आज सकाळीही तसंच ना? खाली बघतोस म्हणजे हो.

रिक्षा खाली उभी आहे. फाईल काढ. चहा नको, पाण्याचा घोटही नको. शर्ट बदलत बसू नकोस, चल.