टाळकरी खुर्चीत बसतो तेव्हा

दौऱ्यावर आलेलं नाटक पडलं की जिल्ह्याच्या गावात त्याचं कारण लगेच सापडतं. संयोजक म्हणतात, ‘स्टेजवर माणसंच दोन, आणि हॉल केवढा!’ परतीच्या बसमध्ये नाटकवाले म्हणतात, ‘इकडचा प्रेक्षक बसतच नाही.’ मागच्या रांगेतून उठून गेलेला माणूस म्हणतो, ‘ऐकूच आलं नाही.’ तिघांमध्ये खरं बोलतो तो तिसरा, पण तोही अर्धंच बोलतो. त्याला नाटक ऐकू आलं नाही याची निदान तक्रार तरी होते. नाटकाला तो ऐकू आला का, हे कोणी विचारत नाही. माझ्या मते, छोटं संगीत नाटक मोठ्या नाट्यगृहात कोलमडतं त्याचं मुख्य कारण या न विचारलेल्या प्रश्नात आहे.

हे बीड जिल्ह्यात जितकं स्पष्ट दिसतं तितकं पुण्या-मुंबईत दिसणार नाही. कारण मोजक्या माणसांनी मोठी जागा भरण्याचं गणित या जिल्ह्याने केव्हाच सोडवून ठेवलं आहे. भगवानगडाचा नारळी सप्ताह घ्या, नेकनूरच्या बंकटस्वामींच्या परंपरेतला सप्ताह घ्या, नाहीतर बालाघाटाच्या डोंगरातल्या एखाद्या वाडीवरचा अखंड हरिनाम सप्ताह घ्या. मंडपात हजारो माणसं आणि समोर उभा एक कीर्तनकार. मागे टाळकऱ्यांच्या रांगा, मृदंग, विणेकरी, चाली म्हणणारे दोन-चार गायक. पडदा नाही, नेपथ्य नाही, वेशभूषा म्हणजे धोतर आणि फेटा. कीर्तनाला प्रयोग म्हटलेलं वारकऱ्यांना रुचणार नाही, पण रचनेपुरतं पाहिलं तर इतका कमी सरंजाम असलेला आणि दोन-दोन तास हजारो माणसांना जागेवर धरून ठेवणारा दुसरा संगीतप्रयोग मराठीत नाही.

तो टिकतो कसा? कीर्तनकार चरण अर्ध्यावर सोडतो, टाळकरी तो उचलतात आणि मंडप पुरा करतो. दृष्टान्त रंगला तर लांबतो; माणसं चुळबुळायला लागली की आटोपतो. दिवे सगळ्यांवर सारखेच असतात, म्हणून कीर्तनकाराला शेवटच्या रांगेतल्या म्हातारीचा चेहरा दिसतो आणि तो तिच्याशी बोलू शकतो. त्या मंडपातला प्रत्येक जण हातात टाळ नसलेला टाळकरीच असतो. म्हणजे माणसं दहा-वीस नसतातच. कीर्तनाचा संच मंडपाएवढा मोठा असतो.

शहरातल्या संगीत नाटकाने प्रेक्षकाला वेगळं काम दिलं. 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग झाला आणि पुढच्या पन्नास वर्षांत प्रेक्षकाच्या हाती एक नवा अधिकार आला. तो ‘वन्स मोअर’ म्हणू शकत होता. पद आवडलं तर कथा थांबवून ते पुन्हा म्हणवून घेऊ शकत होता. हा जाणकाराचा, थोडासा आश्रयदात्याचा प्रतिसाद होता. गाणारा वर, ऐकणारा खाली, आणि मध्ये कौतुकाचा व्यवहार. कीर्तनातला श्रोता कौतुक करत बसत नाही, तो गाण्यातच असतो. एक प्रतिसाद प्रयोग थांबवतो, दुसरा तो पुढे नेतो. बीड 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. पुण्या-सांगलीत संगीत नाटकाचं जसं घर झालं तसं इथे झालं नाही. इथले कान तयार झाले ते कीर्तनात, भारुडात, जलशात. गोदावरीपलीकडच्या पैठणच्या एकनाथांनी भारुडात एकाच माणसाला जोशी, वासुदेव, गोंधळी केलं आणि समोरच्या गर्दीला दुसरं पात्र केलं. साडेचारशे वर्षं ही तालीम चालू आहे. असा प्रेक्षक ‘बसत नाही’ असं म्हणणाऱ्याने आधी हे पाहावं की त्याला बसण्याशिवाय दुसरं काही करू दिलं जातं का.

आता अशा प्रेक्षकासमोर ‘संगीत देवबाभळी’ ठेवून पाहू. प्राजक्त देशमुख यांचं हे नाटक भद्रकाली प्रॉडक्शन्सने डिसेंबर 2017 मध्ये व्यावसायिक रंगभूमीवर आणलं. संगीत आनंद ओक यांचं. रंगमंचावर दोनच बायका: शुभांगी सदावर्ते यांची आवली आणि मानसी जोशी यांची लखुबाई, म्हणजे वेषांतर केलेली रखुमाई. तुकोबांना भाकरी घेऊन डोंगराकडे निघालेल्या आवलीच्या पायात काटा रुततो, विठ्ठल तो काढतो आणि त्या गरोदर बाईची सेवा करायला रखुमाईला धाडतो, एवढ्यावर ते उभं आहे. या संहितेला 2020 चा साहित्य अकादमी युवा पुरस्कार मिळाला.

कागदावर हे दोन पात्रांचं नाटक आहे. पण यातली आवली बीडच्या प्रेक्षकाला नवी नाही. कीर्तनातून ती त्याला लहानपणापासून भेटत आली आहे, आणि भेटली ती बहुतेक वेळा कजाग बायको म्हणून. देवाला शिव्या देणारी आवली आली की मंडप हसतो, हे ठरलेलंच. नाटकातही ती तशीच तोंडाळपणे समोर येते आणि ओळखीचं हसू फुटतं. मग लेखक ते हसू हळूहळू काढून घेतो. घरात अन्न नाही, पोटात मूल आहे, नवरा डोंगरावर आहे, आणि ही बाई देवाशी भांडते आहे. तिने भांडू नये तर काय करावं? हसणारा माणूस आपल्या हसण्यापाशी अडखळतो. हा परिणाम दोन नटींनी एकट्यांनी साधलेला नाही. शेकडो कीर्तनांत साठलेलं हसू प्रेक्षक घरून घेऊन आला होता, नाटकाने ते फक्त वळवलं. ज्याला आवली माहीत नाही त्याला हे नाटक सुंदर वाटेल. ज्याला माहीत आहे त्याला ते झोंबेल.

बीडमध्ये त्याला आणखी एक थर आहे. ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली बाई गरोदरपणातही मोळ्या वाहते. गरोदर आवलीची पायपीट अशा जिल्ह्यात पुराणातली राहत नाही. तिला दाद देता येत नाही, कारण शेजारच्या खुर्चीवर तीच बसलेली असू शकते. अशा वेळी टाळी पडली नाही तर प्रयोग पडला असं कोण म्हणेल? तरी दौऱ्याच्या हिशेबात टाळीच मोजली जाते.

उलट दिशेने आलेलं उदाहरण ‘शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला’चं. जालना जिल्ह्यातल्या जांब समर्थ गावच्या राजकुमार तांगडे यांनी ते लिहिलं, बीडमधल्या गेवराईच्या नंदू माधव यांनी बसवलं, संकल्पना आणि संगीत शाहीर संभाजी भगत यांचं. 2012 पासून मराठवाड्यातली शेतकरी पोरं ते घेऊन महाराष्ट्रभर फिरली. शिवाजीराजांचे विचार ज्या जिरेटोपात आहेत तो यमाकडून पृथ्वीवर हरवतो आणि मग तो कोणाच्या डोक्यावर बसतो याचा शोध सुरू होतो. यम आला की पोट धरून हसायचं, शाहिरांची जुगलबंदी लागली की ठेका धरायचा, ही प्रेक्षकाची सवय नाटकाने पुरेपूर वापरली. पोवाड्याच्या जोशात मान डोलावता डोलावता त्याला एकदम कळतं की टोप आता आपल्याच डोक्याचं माप घेतो आहे. टाळी वाजवणारा हात मध्येच थबकतो. प्रेक्षक ठेका धरणारा नसता, नुसता पाहणारा असता, तर थबकायलाही काही उरलं नसतं.

दोन्ही नाटकांची ताकद अशी प्रेक्षकाकडे गहाण आहे. आणि नेमका तिथेच जिल्ह्याचा हॉल आडवा येतो. बीडचं यशवंतराव चव्हाण नाट्यगृह, परळीचं नटराज रंगमंदिर, अंबाजोगाईचं आद्यकवी मुकुंदराज सभागृह ही गावांची अभिमानाची ठिकाणं आहेत, असावीतच. मी एखाद्या इमारतीबद्दल बोलत नाही, महाराष्ट्रभर ज्या ठशाचे हॉल बांधले गेले त्या ठशाबद्दल बोलतो. सभा, सत्कार, स्नेहसंमेलन आणि नाटक एकाच छताखाली बसवायचं म्हणून त्यांची रचना भाषणाची झाली. एक बोलणार, बाकीचे ऐकणार. आवाज माईकमधून भोंग्यात आणि भोंग्यातून प्रेक्षकात जातो. प्रेक्षकाचा आवाज परत येण्याची सोय कुठेच नसते. रंगमंचापासून पहिली रांग लांब, कारण मधली जागा हारतुऱ्यांसाठी. वर पंख्यांची घरघर. खेळ सुरू झाला की प्रेक्षागारात मिट्ट काळोख, त्यामुळे नटाला समोर काहीच दिसत नाही. टाळकऱ्याला खुर्चीत बसवून, दिवा मालवून, वर पंखा लावला की तो प्रेक्षक होतो, अशी आपली समजूत आहे.

सुविधांबद्दल नटांनी बोलायला सुरुवात केली आहे. मे 2023 मध्ये रत्नागिरीच्या नाट्यगृहात वातानुकूलन आणि ध्वनियंत्रणेच्या दुरवस्थेबद्दल भरत जाधव यांनी रंगमंचावरून प्रेक्षकांची माफी मागितली आणि राज्यभर चर्चा झाली. ती व्हायलाच हवी होती. पण उद्या सगळीकडे थंडगार हवा आली आणि उत्तम स्पीकर लागले तरी मी म्हणतो तो प्रश्न सुटणार नाही. उत्तम स्पीकर नटाचा आवाज आणखी लांब नेईल, प्रेक्षकाचा आणायचा राहूनच जाईल.

नुसत्या आकाराला दोष देऊन भागत नाही, याचा पुरावाही ‘देवबाभळी’नेच दिला. नोव्हेंबर 2023 मध्ये या दोन पात्रांच्या नाटकाच्या निरोपासाठी निर्मात्यांनी मुंबईचं षण्मुखानंद सभागृह निवडलं, अडीच हजारांहून अधिक खुर्च्यांचं. षण्मुखानंद गाण्याच्या मैफलींसाठी नावाजलेलं आहे. तिथला श्रोता वाहवा करतो आणि ती गाणाऱ्यापर्यंत पोचते. त्याआधी मराठवाड्याने लक्ष्मण देशपांडे पाहिले होते. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकटा माणूस 52 पात्रं करायचा आणि मैदानं भरायची. पुढे हाच प्रयोग बीडमधल्या माजलगावच्या संदीप पाठक यांनी उचलला. एकट्या नटाला मैदान पेलतं, कारण समोरचं हसू त्याच्यापर्यंत येतं आणि पुढचं वाक्य तो त्यावर ठेवतो.

परदेशातही ही गोष्ट कोणाच्या तरी लक्षात आली होती. ‘वन्स’ ही डब्लिनच्या रस्त्यावर गाणाऱ्या एका तरुणाची छोटी संगीतिका न्यूयॉर्कच्या एका लहान नाट्यगृहातून 2012 मध्ये ब्रॉडवेवरच्या हजारभर खुर्च्यांच्या नाट्यगृहात गेली. नटच वाद्यं वाजवत होते, नेपथ्य एका बारचं. मोठ्या जागेतही त्यांनी तो बार खराच चालू ठेवला. खेळ सुरू होण्याआधी प्रेक्षक रंगमंचावर जाऊन पेय घेत, गाणाऱ्यांच्या शेजारी उभे राहत आणि मग आपापल्या जागी परतत. त्या वर्षी सर्वोत्तम संगीतिकेचा टोनी पुरस्कार तिला मिळाला. जे त्यांना मुद्दाम घडवावं लागलं ते आपल्या मंडपात रोज घडतं, आणि हॉल बांधताना आपण ते पैसे खर्चून घालवतो.

याला एक आक्षेप आहे आणि तो वजनदार आहे. साथ देणारा प्रेक्षक नाजूक नाटक बिघडवू शकतो. विलापाच्या पदावर ठेक्यात टाळ्या पडू लागल्या तर नटीने काय करावं? विठ्ठलाचं नाव आलं की कोणीतरी जयघोष करणार, आणि ज्या विरामासाठी पूर्ण प्रवेश रचला तो विराम जाणार. हे होतं. पण ज्यांनी उत्तम कीर्तन ऐकलं आहे त्यांना ठाऊक आहे की मंडपाला गप्पही करता येतं. कीर्तनकार हात वर करतो, मृदंग थांबतो आणि हजारो माणसं श्वास धरतात. ज्याच्या आवाजाला जागा दिली आहे त्याच्याच शांततेला अर्थ असतो. काळोखात सक्तीने गप्प बसवलेला माणूस गप्प आहे की झोपला आहे, हे नटीला कळायचं कसं?

मग करायचं काय? पहिली गोष्ट वेळापत्रकाची. नाटकांचे दौरे दिवाळीनंतर जोरात येतात. नेमक्या त्याच काळात दसऱ्यानंतर निघालेल्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात उसाच्या फडावर असतात. ‘बीडला बुकिंग नाही’ म्हणणाऱ्याने हे ध्यानात घ्यावं की त्याचा निम्मा प्रेक्षक पाचटाच्या कोपीत झोपला आहे. सप्ताहवाल्यांना हे पक्कं ठाऊक असतं. हंगाम संपून माणसं गावी परतली की चैत्राच्या सुमाराला मंडप भरतात. दोन पात्रांच्या नाटकाला तेव्हा यायला काय हरकत आहे? दुसरी गोष्ट पैशाची. छोट्या संचाचा फायदा हा की मुक्काम आणि प्रवासाचा खर्च कमी. हजार खुर्च्यांचा एक विस्कळीत खेळ करण्यापेक्षा मागचा भाग बंद ठेवून चारशे माणसांना पुढे बसवावं आणि त्याच दिवशी दोन खेळ करावेत. तिसरी गोष्ट उजेडाची, आणि तिला पैसाही लागत नाही. प्रेक्षागारातले निम्मे दिवे चालू ठेवून पाहावेत. नटाला चेहरे दिसतील आणि चेहऱ्यांनाही कळेल की आपण दिसतो आहोत.

नवे हॉल तर बांधले जाणारच आहेत. काम पुरं झालं की ठेकेदार माईकवर ‘हॅलो, हॅलो’ करून दाखवतो आणि सगळे समाधानाने घरी जातात. त्या दिवशी एक टाळकरी शेवटच्या रांगेत बसवावा, पंखे चालू ठेवावेत, त्याला टाळ वाजवायला सांगावं. आणि नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांनी स्वतः रंगमंचावर उभं राहून तो ऐकू आल्याशिवाय बिलावर सही करू नये.