पुन्हा बांधलेली वखार

नाहींशी झालेली वास्तु जशीच्या तशी पुन्हा उभी करावी कीं करूं नये, हा प्रश्न प्रथमदर्शनीं शिल्पज्ञांचा, फार तर इतिहाससंशोधकांचा वाटतो. त्याचा नीतीशीं कांहीं संबंध पोहोंचत असेल असें फोर्ट युनियन पाहीपर्यंत आम्हांसही वाटलें नव्हतें.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील नॉर्थ डाकोटा व माँटाना ह्यांच्या सीमेवर, मिसुरी व यलोस्टोन ह्या नद्यांच्या संगमाजवळ, उघड्या माळावर हा कोट उभा आहे. कोट म्हणावयाचें तें त्याला तट व बुरूज आहेत म्हणून. वस्तुतः ती वखार होती. जॉन जेकब ॲस्टर ह्याच्या अमेरिकन फर कंपनीनें ती १८२८ सालीं घातली. राजापूरच्या किंवा सुरतेच्या इंग्रजी वखारींची हकीकत ज्यांनीं वाचली आहे त्यांस ह्या संस्थेची जात निराळी समजावून सांगावयास नको. आंत माल, बाहेर गिऱ्हाईक, दाराशीं पहारा आणि मालक शेंकडों कोसांवर! असिनिबॉइन, क्री, क्रो, ब्लॅकफूट इत्यादि जमातींचे लोक येथें येत. आरंभीं बीव्हर नांवाच्या प्राण्याच्या कातड्यांस मोल होतें, पुढें बायसन ह्या रानगव्याच्या केसाळ कातड्यांस आलें. तीं कातडीं कमावण्याचें कष्टाचें काम बायका करीत. मोबदल्यांत इंग्लंडच्या कांबळी व बंदुका, इटलीचे मणी, सुऱ्या, भांडीं मिळत. दारू देण्यास १८३२ च्या कायद्यानें बंदी केली, तेव्हां येथील मुख्य कारभारी मॅकेंझी ह्यानें दुसऱ्याच वर्षीं कोटांत भट्टी घातली. कायदा दारू आणूं नका म्हणतो, गाळूं नका असें कोठें म्हणतो, हा त्याचा युक्तिवाद! ह्या चातुर्यापायीं कंपनीचा परवाना जातां जातां राहिला. असो. १८६७ सालीं वखार लष्करानें विकत घेतली, मोडली आणि तिचें सामान शेजारच्या फोर्ट ब्यूफर्डच्या बांधकामास लावलें. मागें राहिलें तें गवत आणि जमिनीखालचे पाये.

आज तेथें जें दिसतें तें सर्व १९८५ ते १९९१ ह्या काळांत सरकारच्या राष्ट्रीय उद्यान खात्यानें उभें केलेलें आहे. सुमारे सव्वादोनशें फूट लांबीरुंदीचा लाकडी तट, समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांवर चुना दिलेले दगडी बुरूज, मध्यें उंच ध्वजस्तंभ, आणि समोर कारभाऱ्याचें रंगविलेलें मोठें घर. काम इतकें नेटकें कीं, क्षणभर आपण फसतों; आणि खातें प्रामाणिक असल्यामुळें, फसलेल्यास लगेच सांगतें कीं हें नवें आहे. मग असत्याचा दोष उरतो कोठें? आमच्या सोबतच्या एका स्नेह्यांनीं हाच प्रश्न केला. त्यांनीं आपल्याकडील जीर्णोद्धाराचा दाखला दिला. देवळाचा दगड न् दगड बदलला तरी देऊळ नवें झालें असें कोणी म्हणत नाहीं.

दाखला चांगला आहे, परंतु येथें लागू पडत नाहीं असें आम्हांस वाटतें. देवळाचे दगड बदलले तरी पूजा बदलत नाहीं, आणि देवळाचें सातत्य पूजेंत असतें, दगडांत नसतें. वखारीचें सातत्य व्यापारांत होतें. तो संपला, बायसनचे कळप संपले, कंपनी बुडाली. आतां त्या घरांत आहे काय, तर बाहेरून १८५१ सालचें रूप आणि आंत प्रवाशांसाठीं प्रदर्शन व पुस्तकांची विक्री. जीर्णोद्धार नव्हे हा. फार तर चित्र आहे, मात्र लाकडांत काढलेलें.

चित्र काढण्यांत पाप नाहीं हें उघड आहे. पण हें चित्र कोठें काढलें? मूळ वस्तूच्याच अंगावर. नवा पाया घालावयाचा तर जुना हलणार, म्हणून आधीं १९८६ ते १९८८ पर्यंत मोठें उत्खनन करावें लागलें; खात्यांतील कित्येक जाणत्यांस पुनर्रचनेची कल्पना ह्याच कारणानें पसंत नव्हती. जमिनींतील पाये, राख, फुटकीं भांडीं, मणी हे त्या काळाचे खरे साक्षीदार. त्यांची जबानी घेऊन, ती काळजीपूर्वक लिहून ठेवून, त्यांस जागेवरून उठविलें आणि त्यांच्या जागीं त्यांचें सोंग घेतलेला नट उभा केला. नट उत्तम आहे. शिवाय गवताकडे पाहण्यास त्या आडवाटेवर कोण गेलें असतें, हाही प्रश्न खोटा नाहीं. आम्ही तरी गेलों असतों काय? प्रामाणिक उत्तर नाहीं असेंच आहे. तेव्हां पुनर्रचनेस सरसकट नांवें ठेवण्याचा अधिकार आम्हांस नाहीं.

आमची अडचण निराळी आहे. प्रतिकृति ही कोणत्या तरी एका दिवसाची असावी लागते. येथें १८५१ चा सुमार निवडला, कारण त्या वर्षीं रूडॉल्फ कुर्त्स नांवाचा स्विस चित्रकार तेथें नोकरीस होता व त्यानें कोटाचीं रेखाटनें करून ठेवलीं. निवडीचें कारण निर्दोष, पुराव्याचें आहे. परंतु परिणाम असा होतो कीं, चुना ताजा आहे, फळ्यांवर माल भरलेला आहे आणि सर्वजण निरोगी आहेत, असा एक दिवस अक्षय होऊन बसतो. १८३७ चा जून महिना उभा करणें कोणालाही शक्य नाहीं.

त्या महिन्यांत कंपनीची ‘सेंट पीटर्स’ ही आगबोट वरच्या वखारींसाठीं वर्षाचा माल घेऊन आली. वाटेंतच बोटीवरील एका माणसास देवी निघाल्या होत्या. बोट थांबली नाहीं. खालच्या अंगाला राहणारे मंडान लोक दीड हजारांहून अधिक होते, ते शे-दीडशें उरले. फोर्ट युनियनमध्यें रोग शिरला तेव्हां शार्ल लार्पेंटर नांवाचा एक कारकून तेथें होता. त्यानें पुढें आठवणी लिहिल्या. तो सांगतो कीं, घरगुती वैद्यकाचें एक पुस्तक पाहून त्यांनीं रोग्याच्या फोडांतील द्रव्य कोटांतील सुमारे तीस बायकांस टोंचलें. हेतु असा कीं, आजार एकदांचा उरकावा आणि शरदांतल्या व्यापारासाठीं लोक येण्यापूर्वीं कोट स्वच्छ व्हावा. त्यांपैकीं पुष्कळ बायका मेल्या. येथें एक गोष्ट आठवल्यावांचून राहत नाहीं. मुंबईंत ॲना डस्टहॉल नांवाच्या तीन वर्षांच्या मुलीस गाईच्या देवीची निर्धोक लस १८०२ सालीं टोंचली गेली होती. पस्तीस वर्षें होऊन गेलीं होतीं. आदिवासींस लस देण्याचा कायदाही अमेरिकेनें १८३२ सालीं केला होता. त्याचा हात मिसुरीच्या वरच्या अंगापर्यंत पोहोंचला नाहीं. कंपनीची बोट मात्र दरसाल पोहोंचत होती.

ह्यांत अपराधी कोण? लार्पेंटरच्या मनांत दुष्टावा होता असें आम्हांस वाटत नाहीं. कंपनीसही गिऱ्हाईक मरावें अशी इच्छा असणें संभवत नाहीं. मेलेलें गिऱ्हाईक कातडीं आणीत नाहीं. आणि ते लोकही नुसते नाडले गेलेले भोळे जीव नव्हते. ते घासाघीस करीत, माल नापसंत करीत. त्यांच्या मर्जीवांचून त्या माळावर वखार एक हिंवाळा टिकती ना. व्यापार दोघांनाही हवा होता, हें ती नवी वखार जें दाखविते तें खरेंच दाखविते. अडचण हीच आहे. खोटें दाखविलें असतें तर खोडून काढतां आलें असतें. ज्या दारानें कांबळी आल्या त्याच दारानें देवी आल्या, आणि कोणीही कोणाचें वाईट चिंतलें नव्हतें; चिंतली होती ती फक्त हंगामाची वेळ. बोट थांबविणें म्हणजे हंगाम बुडविणें. वाईट हेतूवांचून, केवळ न थांबण्यानें जें घडतें, त्याचें पाप कोणाच्या खात्यावर मांडावें हें आमच्या धर्मशास्त्रासही नीट उलगडलेलें नाहीं. कंपनीच्या जमाखर्चांत तर त्यास रकानाच नव्हता. आणि लाकडाच्या चित्रांतही नाहीं. सुतारास तट उभारतां येतो. न थांबलेली बोट कशी उभारावी?

गंमत अशी कीं, जें बांधलें नाहीं तेंच तेथें अधिक बोलतें असा आमचा अनुभव आहे. तटाच्या आंत दोन्ही बाजूंस लांबच लांब चाळी होत्या. एकींत माल असे, दुसरींत नोकरमाणसें व त्यांच्या बायकामुलें राहत. त्या पुन्हा उभारल्या नाहींत, जमिनीवर नुसत्या रेषा दाखविल्या आहेत. कारभाऱ्याच्या घरापुढें लोक छायाचित्रें काढीत होते. रेषांच्या आंत एक लहान मुलगी एका खोलींतून दुसरींत उड्या मारीत होती. तिचा बाप तिला हांका मारीत होता आणि ती, मी घरांत आहें, म्हणून सांगत होती.

लार्पेंटरच्या आठवणींत आणखी एक प्रसंग आहे. सांथ चालू असतां असिनिबॉइनांची एक टोळी व्यापारासाठीं आली. आंत येऊं नका म्हणून परोपरीनें सांगितलें तरी त्यांचा विश्वास बसेना. माल देण्याची टाळाटाळ चालली आहे असें त्यांना वाटलें असावें. तेव्हां आंतल्यांनीं एका लहान मुलास, ज्याच्या तोंडावरील खपल्या अजून पडल्या नव्हत्या, तटावरून उचलून धरलें आणि त्यांना दाखविलें. तें पाहून टोळी पळाली. त्यांच्यांतीलही पुष्कळ पुढें रोगानें मेले.

निघण्यापूर्वीं आम्ही दाराबाहेर, नदीच्या बाजूस, थोडे लांब जाऊन उभे राहिलों. तट दोन-तीन पुरुष उंच आहे. एवढ्या अंतरावरून एखाद्या मुलाचें तोंड ओळखूं येईल काय, हें आम्हांस पाहावयाचें होतें. तेवढ्यांत मघाच्या त्या बापानें आपल्या मुलीला तटामागच्या सज्जावर नेलें व नदी दिसावी म्हणून तिला कडेवर उंच धरलें. तोंड स्पष्ट दिसत होतें.