ओळख कुणाची?

हिंगोलीहून वाशीमकडे निघालं की मराठवाडा संपता संपता कनेरगाव नाका लागतो. पैनगंगेपलीकडे विदर्भ. एके काळी इकडे निजामाचं राज्य होतं आणि तिकडे इंग्रजांच्या कारभारातला वऱ्हाड. गावाच्या नावातला 'नाका' ही त्याच सरहद्दीची खूण असावी. राज्यं गेली, नाव राहिलं. नाक्यावर गाडी थांबवणाऱ्याचा पहिला सवाल ठरलेला असतो: कुणाची?

आता समजा, याच नाक्यावर एका बौद्ध पोराचं वेल्डिंगचं दुकान आहे. हळद शिजवायचे कुकर, पॉलिशचे ड्रम, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या अशी त्याची कामं. हात सफाईचा. त्याला वाळूजच्या एखाद्या कारखान्याला लोखंडी रॅक पुरवायचे आहेत. कारखान्याचा खरेदी विभाग विचारतो, तीन वर्षांची उलाढाल किती? असलं काम आधी कुणासाठी केलं? बँकेची हमी आणाल का? यात जात कुठंच विचारलेली नाही, आणि विचारणारा साहेबही मनानं वाईट असेल असं नाही. पण ज्याच्या मामाची मोंढ्यात अडत आहे त्याला पहिलं काम मामाच्या शब्दावर मिळतं, त्या कामाच्या दाखल्यावर दुसरं, आणि दोन्ही कामांच्या बिलांवर बँकेचं कर्ज. मामाच नसला तर ही साखळी सुरूच होत नाही.

या साखळीला मराठीत नेमका शब्द आहे, पत. बँक पतपुरवठा करते तीही पत, आणि लग्नात आहेर चुकला की भावकीत जाते तीही पतच. शब्द एक आहे, कारण मुळात वस्तूही एकच आहे. पैसा माणूस घाम गाळून मिळवू शकतो. पत मात्र दुसऱ्यानं द्यावी लागते, आणि देणारा आधी आपल्या ओळखीतल्याला देतो.

डॉ. आंबेडकरांनाही हे चुकलं नाही. कोलंबिया आणि लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकून ते १९१७ मध्ये परतले, तेव्हा पोटापाण्यासाठी मुंबईत त्यांनी शेअरबाजारातल्या गुंतवणुकीचा सल्ला देण्याचा व्यवसाय काढला. सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळल्यावर गिऱ्हाईक यायचं थांबलं. विद्या होती, माल चोख होता. नाक्यावर गाडी कुणाची ते कळलं आणि फाटक पडलं.

त्यांच्या आधीच्या पिढीतलं दुसरं चित्र आपण फार कमी आठवतो. जोतीराव फुले ठेकेदार होते. 'पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी'त त्यांची भागीदारी होती आणि खडकवासल्याच्या धरणासारख्या कामांना माल पुरवण्याचे ठेके त्यांनी घेतले. बांधकाम खात्यातली चिरीमिरी त्यांनी आतून पाहिली आणि त्यावर सडकून लिहिलंही. तरी ते त्या धंद्यात टिकले, आणि तिथला पैसा त्यांच्या सामाजिक कामाच्या उपयोगी पडला. आपण त्यांच्या पुतळ्याच्या हातात पुस्तक देतो. ठेक्याची हिशोबाची वही कुणी देत नाही. मला ते जरा खटकतं. सत्यशोधकांमध्ये ठेकेदार बरेच होते, आणि सरकारसारखं मोठं गिऱ्हाईक मिळालं की गावानं पत दिली नाही तरी पाय रोवता येतो, हे त्यांना ठाऊक होतं.

हेच सूत्र पुढे कायद्यात आलं, पण बऱ्याच उशिरा. २००५ मध्ये मिलिंद कांबळे यांनी पुण्यात दलित उद्योजकांची 'डिक्की' ही संघटना उभी केली. २०१२ मध्ये केंद्र सरकारचं खरेदी धोरण लागू झालं. केंद्राची खाती आणि सार्वजनिक कंपन्या आपल्या वर्षाच्या खरेदीतला जो वाटा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घेतात, त्यात एकूण खरेदीचे ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी राखले गेले. अनामत रक्कम माफ झाली. सर्वांत कमी दरापेक्षा १५ टक्क्यांपर्यंत वर असलेल्या लघु उद्योगाला तो कमी दर मान्य करून काही हिस्सा घेण्याची मुभा मिळाली. पहिली कित्येक वर्षं मात्र त्या चारांतला एक टक्कासुद्धा पुरा भरला नाही. खाजगी कंपन्यांवर तर सक्तीच नाही. अमेरिकेत बड्या कंपन्यांना अल्पसंख्याक पुरवठादारांशी जोडून देणारी राष्ट्रीय परिषद १९७२ पासून आहे आणि ५१ टक्के मालकीची अटही काटेकोर तपासली जाते. तिथला अनुभवही हेच सांगतो की यादीत नाव लागणं वेगळं आणि ऑर्डर हातात पडणं वेगळं.

टक्केवारीनं पहिली ऑर्डर मिळू शकते. ती वर्षअखेरीच्या अहवालासाठी दिलेली असली तरी बिघडत नाही, कारण पहिलं काम असंच कुणाच्या तरी निमित्तानं मिळत असतं. मामाकडूनही तसंच मिळतं. नातं कळतं ते दुसऱ्या ऑर्डरला. रॅकच्या एका लॉटची वेल्ड कच्ची निघाली तर साहेब यादीतून नाव खोडतो, की फोन करून सांगतो, 'अरे, करंट कमी पडतोय, आमच्या माणसाला पाठवतो'? मामाचा भाचा असता तर फोन आला असता.

आमच्या वेल्डरच्या हातात कंपनीची ऑर्डर आली की इकडे नाक्यावर काय होतं ते बघा. अँगल-पाइपांसाठी तो वाशीमच्या हार्डवेअरवाल्याकडे जातो. काल हाच दुकानदार 'रोख असेल तर बोल' म्हणत होता. आज ऑर्डरचा कागद उलटसुलट बघून म्हणतो, "घेऊन जा, बिल आलं की दे." कंपनीनं अजून एक रुपया दिलेला नाही, पण तिच्या नावावर याला पत मिळाली. मामा नव्हता, आता आहे.

म्हणूनच बिल रखडलं की नुसता पैसा रखडत नाही. लघु उद्योगाचं बिल फार तर ४५ दिवसांत चुकतं करावं, नाहीतर बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज द्यावं, असं २००६ चा कायदा सांगतो. हे व्याज मागायला सहसा कुणी जात नाही. मागितलं तर पुढची ऑर्डर कोण देईल? साठावा दिवस उजाडतो. कंपनीच्या लेखी तो एक प्रलंबित कागद. वाशीमच्या दुकानात मात्र लाल वही उघडली जाते, त्या नावापुढची रक्कम वाचली जाते, आणि पुढच्या खेपेला दुकानदार विचारतो, "ती कंपनी खरंच आहे ना रे बाबा?"