जन्मसिद्ध दुष्टता : कल्पित वंशांच्या घडणीतील एक नैतिक प्रश्न

कल्पनेतील लोकांना इजा होत नाही, म्हणून त्यांच्या घडणीला नीतीचा प्रश्न लागू होत नाही, ही समजूत रंजनपर वाङ्मयाच्या विचारात दीर्घकाळ टिकून आहे. अद्भुतकथेतील बुटक्यांविषयी वा राक्षसांविषयी कोणी नैतिक चर्चा सुरू केली, तर ती अरसिकतेची खूण मानली जाते. या समजुतीची खरी कसोटी मात्र कथेपेक्षा भूमिकाखेळात लागते. कथेचा वाचक घडलेली घटना जाणून घेतो. भूमिकाखेळातील खेळाडूला काय घडवायचे ते स्वतः ठरवावे लागते. समोर आलेल्या जमातीवर शस्त्र उगारावे की तिच्याशी बोलणे करावे, हा निर्णय त्याचा असतो. पण त्या निर्णयाची चौकट जमात घडवणाऱ्याने आधीच आखलेली असते. म्हणून घडवणाऱ्याच्या उत्तरदायित्वाचा विचार येथे टाळता येत नाही.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ १९७४ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. काही माणसे एकत्र बसतात. प्रत्येक जण एका पात्राची भूमिका घेतो. एक जण सूत्रधार होऊन जगाचे वर्णन करतो आणि कृतीची निष्पत्ती अनिश्चित असेल तेथे फासे टाकले जातात. छापील जग न वापरता आपले स्वतःचे जग रचण्याची प्रथा या खेळात प्रारंभापासून आहे. नकाशे, देवता, भाषा आणि त्या जगातील निरनिराळे ‘वंश’ व त्यांच्या संस्कृती हे सारे अशा वेळी सूत्रधार घरीच सिद्ध करतो. इंग्रजी नियमपुस्तकांत या वंशांसाठी ‘रेस’ हा शब्द रूढ होता. त्याला मराठी प्रतिशब्द शोधू जाता एक अडचण उद्भवते. ‘वंश’ हा शब्द कुळाकडे झुकतो, ‘प्रजाती’ हा जीवशास्त्राकडे. नियमपुस्तकांतील व्यवस्थेशी सर्वांत नेमका जुळणारा शब्द ‘जात’ हाच आहे, आणि ही गोष्ट मराठी वाचकाला अस्वस्थ करणारी आहे.

१९७४ च्या नियमांत माणूस कितीही पराक्रमी होऊ शकत असे; बुटक्या योद्ध्याची प्रगती मात्र सहाव्या पातळीवर आणि ‘हॉबिट’ची चौथ्या पातळीवर थांबत असे. १९७८ च्या खेळाडूंसाठीच्या पुस्तकात अर्ध-ऑर्काला शक्तीचा एक गुण अधिक आणि व्यक्तिमत्त्वाच्या प्रभावाचे दोन गुण उणे मिळत. कोणत्या वंशाला कोणता वंश प्रिय, कोणता सह्य आणि कोणता द्वेष्य, याचे एक कोष्टकही त्यात दिले होते. पुढे या परंपरेत रचल्या गेलेल्या असंख्य जगांत बुटके लोहारकाम व खाणकाम करतात, एल्फ धनुर्विद्येत निपुण असतात, हाफलिंग शेतीवाडीत रमतात. जन्मावरून क्षमता, क्षमतेवरून व्यवसाय आणि व्यवसायावरून स्वभाव अशी ही मांडणी आहे. बलुतेदारीची आठवण ज्या समाजात पुसलेली नाही, त्याला ती ओळखण्यास वेळ लागत नाही. जातिव्यवस्था ही श्रमाची नव्हे, तर श्रमिकांचीच विभागणी आहे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ मध्ये मांडले होते. खेळाच्या कर्त्यांच्या मनात असा काही हेतू होता, असे म्हणण्याचे कारण नाही. संख्यांच्या सोयीतून ही रचना उभी राहिली असावी. परंतु सोयीतून निर्माण झालेली व्यवस्थाही व्यवस्थाच असते, आणि तिचा अन्वयार्थ हेतूच्या शुद्धतेवर अवलंबून नसतो.

या व्यवस्थेचे टोक म्हणजे ऑर्क. हा शब्द आज ज्या अर्थाने प्रचलित आहे, तो जे. आर. आर. टोलकीन यांच्या लेखनातून आला. टोलकीन श्रद्धावान कॅथलिक होते. दुष्ट शक्ती स्वतंत्रपणे काही निर्माण करू शकत नाही, असलेले केवळ विकृत करू शकते, अशी त्यांची धारणा होती. आणि म्हणूनच ऑर्क हे त्यांना कोडे होऊन बसले. ऑर्क बोलतात, आपसांत कुरकुरतात, वरिष्ठांना शिव्या घालतात; अर्थात त्यांना स्वतःची इच्छा आहे. इच्छा असेल तर उद्धाराची शक्यताही मानावी लागते, आणि ती मानली तर त्यांच्या सरसकट संहाराचे समर्थन कठीण होते. १९५४ मधील एका पत्राच्या मसुद्यात त्यांनी या प्रश्नाचा ऊहापोह केला. १९९३ मध्ये मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या टिपणांत तर ऑर्कांच्या उत्पत्तीची परस्परांशी न जुळणारी स्पष्टीकरणे आढळतात. खेळाने टोलकीनकडून ऑर्क घेतला, पण हे कोडे घेतले नाही.

ते कोडे तरीही खेळात परतले. गायगॅक्स यांनीच नवशिक्या सूत्रधारांसाठी लिहिलेल्या ‘द कीप ऑन द बॉर्डरलँड्स’ या प्रसिद्ध साहसकथेत सीमेवरच्या गढीजवळ गुहांची एक रांग आहे. त्यांतील अनेक गुहांत एकेक दुष्ट जमात राहते. गुहांच्या वर्णनात योद्ध्यांबरोबर स्त्रिया आणि मुले यांचीही मोजदाद आहे, आणि मुले लढत नाहीत अशी नोंदही आहे. योद्धे मारून झाल्यावर या मुलांचे काय करायचे, हे मात्र संहिता सांगत नाही. गेली अनेक दशके खेळाडूंमध्ये ज्या वादाला अंत नाही, तो याच मौनातून जन्मला. मुले दुष्ट असतील तर त्यांनी अद्याप काही केलेले नाही. दुष्ट नसतील तर त्यांच्या बापांची दुष्टता जन्मसिद्ध कशी? जन्मसिद्ध दुष्टतेची कल्पना एका लहान मुलासमोर उभी करताच तिच्यातील विसंगती उघडी पडते.

मराठी वैचारिक परंपरेत या विसंगतीचा उलगडा फार पूर्वी एका वेगळ्या दिशेने झाला आहे. १८७३ मध्ये महात्मा फुले यांनी ‘गुलामगिरी’त ‘राक्षस’ या शब्दाचा संबंध ‘रक्षक’ या शब्दाशी जोडला आणि पुराणांतील देव-दैत्यसंग्रामाकडे जेत्यांनी लिहिलेला वृत्तान्त म्हणून पाहिले. ती व्युत्पत्ती भाषाशास्त्राला मान्य होवो वा न होवो, तिच्यामागील प्रश्न अभेद्य आहे : ही जमात दुष्ट आहे असे सांगितले कोणी? पुराणकथाही याबाबतीत नंतरच्या नियमपुस्तकांइतकी बंदिस्त नाही. रावण हा विश्रवा ऋषींचा पुत्र, बिभीषण त्याच्याच घरातला, प्रल्हाद दैत्यकुळातला, घटोत्कच हिडिंबेच्या पोटचा आणि पांडवांच्या बाजूने पडलेला. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये राक्षसाचा समावेश झाला, तेव्हा तेथे तो वाघाच्या तोंडाचा, मायावी आणि जन्मतः दुष्ट असा एक प्राणी होऊन आला. त्याचे कूळ, त्याचे आप्त आणि त्याच्या घरातील मतभेद यांपैकी काहीही त्याच्यासोबत आले नाही.

अलीकडे या परंपरेने आत्मपरीक्षण केले आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पुरवणी-पुस्तकाने वंशाशी बांधलेले गुणांक कोठेही वळवण्याची मुभा दिली. २०२२ च्या अखेरीस ‘रेस’ हा शब्द सोडून ‘स्पीशीज’ हा शब्द घेण्याचे जाहीर झाले, आणि २०२४ च्या नव्या पुस्तकात गुणांक पात्राच्या पूर्ववृत्ताशी, म्हणजे त्याने जगलेल्या आयुष्याशी, जोडले गेले. ऑर्क आता खेळाडूने निवडण्याजोगा एक वंश झाला. हे बदल स्वागतार्ह आहेत. परंतु त्यांनी प्रश्न सुटला असे मानणे घाईचे ठरेल. शब्द बदलल्याने परवाना रद्द होत नाही. ऑर्काच्या जागी दुसरी एखादी अनाम टोळी उभी करून तिच्याविषयी काहीही न विचारता तिला मारण्याची मोकळीक कायम ठेवता येते.

याउलट बाजूने एक आक्षेप घेतला जातो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. सर्व वंश समान केले, तर उरतात ती केवळ वेष पालटलेली माणसे. मग अद्भुताचे प्रयोजन काय? भिन्नतेचा आनंद हाच या कल्पनासृष्टीचा प्राण आहे. हे मान्य करूनही एक भेद करता येतो. देहाची व परिस्थितीची भिन्नता वेगळी, आणि शीलाची भिन्नता वेगळी. अंधारात पाहू शकणारे, जमिनीखाली राहणारे, सातशे वर्षे जगणारे लोक कल्पिणे यात गैर काही नाही. सातशे वर्षे जगणाऱ्याच्या दृष्टीने वचनाचा, सुडाचा, वारशाचा अर्थ काय असेल, हा प्रश्न तर अतिशय फलदायी आहे. कारण त्यात परिस्थितीपासून आचारापर्यंतची वाट विचाराने चालावी लागते. जन्मापासून थेट शीलापर्यंत घेतलेल्या उडीत असा विचारच नसतो.

ही वाट कशी चालता येते, याचे उदाहरण ग्रेग स्टॅफर्ड यांच्या ‘ग्लोरान्था’ या जगात सापडते. ‘रूनक्वेस्ट’ या खेळातून १९७८ पासून परिचित झालेल्या या जगातील ट्रोल कुरूप आहेत, खादाड आहेत, माणसेही खातात. परंतु १९८२ च्या ‘ट्रोलपॅक’मध्ये त्यांचा इतिहास त्यांच्या बाजूने येतो. त्यांचे घर पाताळातील सुखद अंधारात होते. मारला गेलेला सूर्यदेव तेथे उतरला, त्याच्या तेजाने ते घर होरपळले आणि ते भूपृष्ठावर परागंदा झाले. पुढे एका शापामुळे त्यांच्या स्त्रियांना खुरटी संतती होऊ लागली. हे वाचल्यानंतरही ट्रोल भयंकरच राहतात; त्यांची भीती कमी होत नाही. फरक इतकाच पडतो की, त्यांच्याशी लढणाऱ्याला आपण कोणाशी लढत आहोत हे ठाऊक असते.

तपशिलांची समृद्धी ही नैतिकतेची हमी असते, असा निष्कर्ष मात्र यातून काढता येणार नाही. उर्दूचे अभ्यासक आणि मिनेसोटा विद्यापीठातील प्राध्यापक एम. ए. आर. बार्कर यांनी १९७५ मध्ये ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ या खेळातून ‘टेकुमेल’ हे जग प्रसिद्ध केले. त्याच्या भाषा, लिप्या, कुळे, देवता यांची घडण अजोड मानली जाते. याच बार्कर यांनी टोपणनावाने १९९१ मध्ये एक नाझीधार्जिणी कादंबरी लिहिली होती, हे त्यांच्या वारशाची जपणूक करणाऱ्या संस्थेने २०२२ मध्ये मान्य केले. टेकुमेलचे मूल्यमापन स्वतंत्रपणे व्हावे, हे खरे. तरीही परक्या संस्कृतीचे अपार ज्ञान आणि जिवंत माणसांच्या समूहांविषयीचा तिरस्कार एकाच मनात नांदू शकतात, ही गोष्ट संस्कृतीच्या तपशिलांवर विसंबणाऱ्याने विसरू नये. रक्ताच्या जागी संस्कृती ठेवून ‘बुटके परंपरेनेच लोभी असतात’ असे म्हटले, तर केवळ कारण बदलते. शिक्का तोच राहतो.

म्हणून घडवलेल्या जमातीची कसोटी तिच्या चालीरीतींच्या संख्येत शोधण्यात अर्थ नाही. ती तिच्या आतील मतभेदात शोधली पाहिजे. ही जमात स्वतःला कोणत्या नावाने ओळखते? तिच्यातील दोन माणसे कशावरून भांडतात? तिच्याविषयी जे सांगितले जाते ते कोणाच्या तोंडचे आहे, आणि तिचे स्वतःचे म्हणणे काय आहे? ज्या जमातीतील कोणतेही दोघे कधीच असहमत होऊ शकत नाहीत, ती जमात नसून एक उपकरण आहे. भूमिकाखेळ खेळल्याने कोणी वंशद्वेष्टा होतो, असा दावा येथे अभिप्रेत नाही. प्रश्न सूक्ष्म आहे : काही लोकांचे म्हणणे ऐकण्याची गरजच नाही, या सुटकेचा आनंद घडवणारा इतरांना देऊ करतो का? गुहेतील मुलांविषयी एखादा खेळाडू विचारतो, तेव्हा हे सारे त्या एका प्रश्नात एकवटते. सूत्रधाराजवळ उत्तर नसले तरी चालेल. परंतु तो प्रश्न विचारता येईल असे जग त्याने रचलेले असले पाहिजे.