मुळाला खालची दिशा कळते का?

काचेच्या पेल्यात ओला टिपकागद लावून वालाचा दाणा अडकवला आणि मोड खाली उतरल्यावर पेला आडवा केला, तर दिवसभरात मुळाचे टोक वळून पुन्हा जमिनीकडे जाते. अंधारातही हेच घडते. मूल विचारते, ‘त्याला कसं कळलं?’ आणि आपण सांगून टाकतो, ‘मुळाला पाणी हवं असतं म्हणून.’ या सहज उत्तरात एक मोठा सिद्धान्त गृहीत धरलेला आहे: जिथे हेतू दिसतो तिथे जाणणारा असलाच पाहिजे. मला तो मान्य नाही.

हा वाद आपल्याकडे जुनाच. अचेतन प्रकृतीही प्रयोजनाला धरून वागते हे सांगताना सांख्यकारिकेने वासरासाठी स्रवणाऱ्या दुधाचा दृष्टान्त दिला. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात तो खोडून काढला: दूध येते ते चेतन गाईच्या वात्सल्यामुळे. गाईपुरता हा आक्षेप बिनतोड आहे. मुळाची मात्र परीक्षा घेता येते, आणि थॉमस अँड्र्यू नाइट या इंग्रज संशोधकाने ती 1806 मध्ये घेतली. वाहत्या पाण्यावर वेगाने फिरणाऱ्या उभ्या चाकाला त्याने दाणे बांधले. मुळे जमिनीकडे न जाता चाकाच्या बाहेरच्या अंगाला वाढली, कोंब आसाकडे. तिथे ना माती होती ना ओलाव्याचा साठा. होता तो फक्त फिरण्याचा जोर, आणि मूळ त्याला फसले; दिशा जाणणारे असते तर फसले नसते.

कुणी म्हणेल, जाणणाराही फसतो. दोरीला साप समजणारा माणूस अचेतन थोडाच असतो? खरे आहे. पण इथे फसणारा कल्पावा लागतच नाही. मुळाच्या टोपीतल्या पेशींत पिष्टाचे जड कण असतात. ते ओढीच्या दिशेला बसतात, त्या बाजूला ऑक्झिन हे संजीवक जास्त साचते, मुळात तिथली वाढ मंदावते, वरची बाजू लांबते आणि मूळ वाकते. खोडात हेच ऑक्झिन वाढीला वेग देते, म्हणून कोंब वर जातो. डार्विनने 1880 मध्ये मुळाच्या टोकाची तुलना कनिष्ठ प्राण्यांच्या मेंदूशी केली होती, पण टोकाला संवेदना असणे म्हणजे त्याने विचार करणे नव्हे. मग ही रचना कुणी केली? ज्यांची मुळे भलतीकडे वळली त्यांची संतती उरली नाही, एवढे नैसर्गिक निवडीने सांगता येते. त्याही मागे ईश्वर आहे का, हे पेल्यातला दाणा ठरवू शकत नाही.

जैन दर्शन वनस्पतीला एकेंद्रिय जीव मानते आणि तिला इजा करताना जपायला सांगते. माझ्या म्हणण्याने त्या करुणेला धक्का लागत नाही. जपण्यासाठी वनस्पती जिवंत आहे एवढे पुरे, तिने दिशा ओळखलीच पाहिजे असे नाही. म्हणून पालकांना आणि शिक्षकांना विनंती, की मुलाला ‘पाणी हवं म्हणून’ असे सांगून गप्प करू नका. पेला पुन्हा फिरवा, आणि जाणिवेशिवाय दिशा असू शकते का, हा प्रश्न त्याच्यासमोर उघडा ठेवा.